एक्केचाळीस मिनिटांचा मुहूर्त

गौतमी सोनवणेला रोज दोन प्रकारचं खोटं रचावं लागे. पहिलं ‘नणंद माझी पाठराखीण’ या मालिकेसाठी, आठवड्याचे सहा दिवस, दिवसाला बारा पानं. दुसरं नानांसाठी, आणि त्याला सुट्टी नव्हती. पहिलं खोटं काही लाख माणसं जेवता जेवता बिनतक्रार गिळत. दुसऱ्याचा प्रेक्षक एकच होता आणि तो फार चिकित्सक होता.

नाना म्हणजे तिचे वडील, मुरलीधर सोनवणे, वय एक्याऐंशी. नाशिकच्या एसटी स्टँडवर एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक. काचेच्या खोलीत बसून कोणती गाडी कुठल्या फलाटाला, किती वाजता, हे कर्ण्यावरून सांगायचं आणि उशिरा आलेल्या ड्रायव्हरची उलटतपासणी घ्यायची. आता गाड्या विजेवर धावत होत्या, घोषणा यंत्र करत होतं आणि नानांच्या डोक्यातून बरंच काही उतरून गेलं होतं. चष्मा कुठं ठेवला, सकाळी काय खाल्लं, आणि तीन वर्षांपूर्वी बायको, शालन, गेली. जुनं वेळापत्रक तेवढं शाबूत होतं. दुपारी चारच्या सुमारास ते हॉलमध्ये येऊन उभे राहायचे.

“गौतमे, तुझी आई कुठंय?”

“आई होय? चांदोरीला गेलीय, मावशीकडं. पापड लाटायचेत.”

“कशानं गेली?”

“सव्वादोनच्या निफाड गाडीनं.”

“आज वार काय?”

“सोमवार.”

“सोमवारी सव्वादोनची निफाड सोडत नाही आपण. बाजाराच्या दिवशीच सोडतो.”

“अगंबाई, मग दोन पन्नासची येवला असेल.”

“येवला जलद आहे. चांदोरीला थांबत नाही.”

“म्हणून तर तुम्ही कंडक्टरला सांगितलंत ना, नाना! फाट्यावर उतरव म्हणून. वर दमही दिलात त्याला.”

नाना जरा विचार करायचे. “दिला असेल,” असं म्हणून खुर्चीत बसायचे आणि चहा मागायचे. त्या दिवसापुरती आई सुखरूप पोचलेली असायची.

सुरुवातीला गौतमीनं दोनदा खरं सांगून पाहिलं होतं. दोन्ही वेळा नाना शर्टाची बटणं वरखाली लावून दवाखान्यात निघाले होते. एका माणसानं एकदाच विधुर व्हावं, एवढी माफक अपेक्षा धरून तिनं खरं बोलणं बंद केलं. पण खोट्याचा साठाही करता येत नसे. नाना रोज वेगळ्या सालात असत. कधी गौतमी शाळेत असायची आणि आई पालकसभेला गेलेली असायची. कधी गौतमीचा जन्मच झालेला नसायचा, मग तिला शेजारीण होऊन उत्तर द्यावं लागे. समोरचं साल ओळखायचं, त्या सालातली आई शोधायची, तिला गाडीत बसवून द्यायची, आणि हे सगळं नानांनी दुसरा प्रश्न विचारायच्या आत.

सकाळी हिराताई यायच्या नानांचं करायला. दुपारी एकला जायच्या. त्यांनीही एकदा प्रयत्न केला होता. “बाजारात गेल्यात,” म्हणाल्या. नाना म्हणाले, “आणि पिशवी इथं खुंटीला कशी?” त्यावर हिराताईंनी गौतमीला सांगून टाकलं, “ताई, मी धुणंभांडं, औषधपाणी सगळं करीन. हे तुमचं तुम्ही बघा.”

मालिकेचा क्रिएटिव्ह हेड कौस्तुभ सबनीस हा चौतीस वर्षांचा हुशार मुलगा होता. त्यानं आयुष्यात एक ओळ लिहिली नव्हती, त्यामुळं लिहिणाऱ्यांच्या वेळेचं नियोजन कसं व्हावं याबद्दल त्याची मतं स्पष्ट होती. लेखकांना त्यानं पंचवीस-पंचवीस मिनिटांचं घड्याळ लावून पाहिलं, रंगीत कागदाचे तक्ते दिले, पहाटे पाचला उठवलं. इगतपुरीच्या एका रिसॉर्टवर ‘स्वतःच्या वेळेचे मालक व्हा’ असं शिबिरही घेतलं. त्यात जेवण दोन तास उशिरा आलं. कशाचाच उपयोग झाला नाही. बारा पानांना गौतमीला नऊ तास लागायचे ते लागायचेच.

आणि मग ‘मुहूर्त’ आला.

त्यामागचं विज्ञान तसं सोपं होतं. मेंदूत दोन जाळी असतात. एक भटकं. ते कुठलीही गोष्ट कुठल्याही गोष्टीला नेऊन भिडवतं. दुसरं तपासनीस. ते भिडवलेलं जुळतंय का ते बघतं. एरवी एक जागं असलं की दुसरं पेंगतं. क्वचित काही सेकंद दोन्ही एका ठेक्यात चालू लागतात, आणि तेव्हाच माणसाला नवं काहीतरी सुचतं. या ठेक्याला एक खास इंधन लागतं. ते झोपेत तयार होतं, मेंदूतल्या चांदणीच्या आकाराच्या पेशींत साठतं आणि सरासरी एक्केचाळीस मिनिटं पुरतं. माणूस कवी असो की कारकून, दिवसाला एक्केचाळीस मिनिटं.

हे मोजल्यावर संशोधकांना धक्का बसला तो वेगळ्याच कारणानं. सर्जनशील माणसं यातली जेमतेम नऊ मिनिटं कामावर खर्च करत होती. उरलेली सेकंदासेकंदानं झिरपून जात होती. भाजीवालीला काय टोला द्यावा, समोरच्याचा चेहरा का उतरला असेल, रडणाऱ्या मैत्रिणीला कुठल्या शब्दात सावरावं, उशीर झाल्याची काय सबब सांगावी. अहवालात याला ‘गळती’ असं नाव दिलं होतं.

मुहूर्त म्हणजे गळती थांबवणारी चकती. रुपयाच्या नाण्याएवढी, कानामागं चिकटवायची. तिच्यातला मंद प्रवाह दोन जाळ्यांपैकी एकाचा ठेका केसभर मागं ठेवायचा, म्हणजे दोघांची गाठ पडायची नाही. ठरलेल्या वेळी चकती प्रवाह सोडायची आणि दिवसभराचं साठलेलं एकदम मोकळं व्हायचं. दर महिन्याला मात्रा थोडी वाढवायची.

“ताई, नऊ तासांचं काम पाऊण तासात,” कौस्तुभ म्हणाला. “उरलेला दिवस तुमचा.”

“उरलेल्या दिवसाचं काय करायचं असतं?”

“ते तुम्ही बघा. नानांबरोबर बसा. तुम्हीच म्हणता ना, नानांना वेळ देता येत नाही?”

हे मात्र ती म्हणत असे. करारावर तिनं सही केली ती त्याच वाक्यावर. वेळ घेतली सकाळी अकराची.

पहिले दोन महिने स्वर्ग होता. अकराला ती टेबलाशी बसायची आणि नणंद, भावजय, सासू आपापलं बोलून मोकळ्या व्हायच्या. अकरा एक्केचाळीसला बारा पानं तयार. खाडाखोड नाही. मालिका तिसऱ्या क्रमांकावरून पहिल्यावर गेली. कौस्तुभनं पेढे पाठवले आणि बरोबर मात्रा वाढवल्याची सूचनाही.

तिसऱ्या महिन्यात भाजीवाली म्हणाली, “ताई, बरं नाही का? आज काही बोलल्या नाहीत मला.” चौथ्या महिन्यात कॉलेजातल्या मैत्रिणीचा फोन आला, नवऱ्याची नोकरी गेल्याचा. मैत्रीण पंधरा मिनिटं रडली. गौतमी ऐकत होती, वाईटही वाटत होतं. तिच्या तोंडून निघालं, “बरं.” मैत्रिणीचा फोन पुन्हा आला नाही.

नानांना द्यायची उत्तरं हळूहळू पातळ होत गेली. “मावशीकडं गेलीय.” “कशानं?” “एसटीनं.” “कुठल्या?” यापुढं ती अडखळू लागली. कधी नाना थकून गप्प बसत, कधी दारापर्यंत जाऊन परत येत. आठव्या महिन्यात, एका मंगळवारी चारला, ते हॉलमध्ये येऊन उभे राहिले.

“गौतमे, तुझी आई कुठंय?”

गौतमीनं तोंड उघडलं. सगळा माल डोक्यात होता, गावं, गाड्या, मावश्या. पण इथलं एक उचलून तिथल्या एकाला बांधणारा हात जागेवर नव्हता. फक्त जे खरं होतं ते समोर पडलेलं होतं, आणि नाना वाट बघत होते.

“आई वारली, नाना.”

“कधी?”

“तीन वर्षं झाली.”

“तीन वर्षं? आणि मला कुणी सांगितलं नाही?”

ते जमिनीवर बसले. मग उठून शर्ट शोधू लागले. सहाच्या सुमारास त्यांना सगळं विसरायला झालं. “माझे डोळे का ओले आहेत गं?” त्यांनी विचारलं. गौतमीनं ते पुसले.

बुधवारी चारला ते पुन्हा आले.

रविवार हा करारातून सुटलेला दिवस. त्या रविवारचा मुहूर्त गौतमीनं नानांवर खर्च केला. अकरा ते अकरा एक्केचाळीस तिनं एकटाकी ब्याण्णव उत्तरं लिहिली. सालवार, गाडीवार, नातेवाईकवार. कडेला रंगीत चिठ्ठ्या लावल्या. कौस्तुभला अभिमान वाटावा असं नियोजन होतं. चार वाजता ती वही मांडीवर घेऊन बसली.

“आमची शालन कुठंय हो?” नानांनी विचारलं.

“मुंबईला गेलीय,” तिनं वाचलं. “डोळ्यांच्या तपासणीला. साडेआठच्या दादर गाडीनं.”

“मुंबईला? तिला नववा महिना लागलाय! आणि तुम्ही कोण?”

नवव्या महिन्याची चार उत्तरं होती, हिरव्या चिठ्ठीखाली. ती सापडेपर्यंत नाना शेजारच्या जाधवांच्या दारावर पोचले होते. जाधव सज्जन माणूस. त्यांनी नानांना पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला आणि खरं सांगितलं.

त्या संध्याकाळी गौतमीनं चकती ओरबाडून काढली. सोमवारी चारला डोकं तसंच कोरडं. मंगळवारीही. बुधवारी तिनं कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

“किती महिने वापरलंत, मॅडम?”

“आठ.”

“मग आता चकतीची गरजच नाही! सहा महिन्यांनंतर मेंदू स्वतःच वेळ पाळतो. आम्ही त्याला परिपक्वता म्हणतो.”

“म्हणजे नगरपालिकेच्या नळासारखं.”

“नळ कधीकधी उशिरा येतो, मॅडम. आपलं तसं होत नाही.”

“आणि परत पहिल्यासारखं?”

“तशी मागणी अजून कुणी केलेली नाही.”

गौतमीनं तिला नानांचं सांगितलं. चारची वेळ, आईची चौकशी, सगळं. मुलगी म्हणाली, “अहो मग वडिलांना लावा ना! ज्येष्ठांसाठी सुरुवातीपासून जास्त मात्रेची चकती आहे आपली. प्रश्न, हट्ट, घराबाहेर पडणं, सगळं एका वेळेत गोळा होतं. बाकी दिवस शांत. खूप कुटुंबं समाधानी आहेत.”

गौतमीनं दोन दिवस विचार केला. विचार म्हणजे अकराला सुचलेलं बाकी दिवसभर तसंच धरून ठेवणं. चारची उतरती उन्हं, रिकामी खुर्ची, चहाची वेळ. नानांचं मन या गोष्टी एकमेकींना भिडवतं आणि त्यातून प्रश्न निघतो. म्हणजे प्रश्नही त्याच इंधनावर चालतो. तो अकराला आणता आला, तर अकराला तिच्याकडं उत्तर होतं. प्रश्न आणि उत्तर एका फलाटाला लागले की झालं. आठ महिन्यांत तिला सुचलेली ही सर्वांत नीटनेटकी कल्पना होती.

“वेळ काय टाकू?” मदतकेंद्रातल्या मुलीनं विचारलं.

“अकरा.”

“तुमचीही अकराच दिसतेय, मॅडम. क्लॅश होईल.”

“होऊ दे.”

कंपनीनं कळवलं असावं, कौस्तुभचा फोन लगेच आला. “ताई, अकरा ते अकरा एक्केचाळीस करारात आमचं आहे.”

“माहीत आहे.”

“मग नानांचं चारला ठेवा ना. तसंही तेव्हा तुम्ही रिकाम्याच असता.”

“रिकामी असते म्हणूनच.”

“म्हणजे?”

तेव्हा सव्वाबारा वाजून गेले होते. तिला त्याला समजेल असं काही सांगता आलं नाही. संध्याकाळपर्यंत कौस्तुभला जळगावची एक लिहिणारी मुलगी मिळाली, जिचे अकरा मोकळे होते. मालिका एक दिवसही थांबली नाही. नणंदेचा स्वभाव जरा बदलला, एवढंच.

नानांना चकती लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी हिराताई म्हणाल्या, “ताई, नाना घरात असून नसल्यासारखे आहेत. आंघोळीला कटकट नाही, गोळीला नाही. भिंतीला न्हाऊ घातल्यासारखं वाटलं मला.”

अकराला पाच मिनिटं असताना गौतमीनं नानांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर बसली. अकराला तिच्या डोक्यात ओळखीचा झोत सुरू झाला. समोर नानांनी मान वर केली. त्यांनी खोली पाहिली, मग तिच्याकडं पाहिलं.

“गौतमे,” ते म्हणाले. “तुझी आई कुठंय?”

गौतमीनं आयुष्यातलं सर्वांत उत्तम खोटं सांगितलं. आई सटाण्याला, मावसभावाच्या नातीच्या बारशाला. सकाळची साधी गाडी चुकली म्हणून कळवणची धरली, तिथं बदलली. शेजारी एक बाई कोंबडीचं खुराडं घेऊन बसली होती, तिच्याशी आईचं भांडण झालं आणि वणीपर्यंत मैत्री झाली. गाड्या बरोबर होत्या, थांबे बरोबर होते, आईचा आवाजसुद्धा बरोबर होता.

नाना शांतपणे ऐकत होते. उशिरा आलेला ड्रायव्हर वाटेतल्या पंक्चरचं वर्णन करत असताना ते काचेच्या खोलीत असेच ऐकत.

“झकास,” ते म्हणाले. “मग तिचा चष्मा टीव्हीजवळ का?”

“विसरली.”

“चष्म्यावर धूळ आहे. तिच्या कपाटात तुझे कपडे दिसतात. पलंगावर उशी एकच. तुझे केस पिकलेत, आणि मला तू लहान मुलाला सांगावं तसं सांगतेयस.” ते थांबले. “किती दिवस झाले तिला जाऊन?”

घड्याळात अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती.

गौतमीनं फक्त प्रश्न गोळा होईल असं धरलं होतं. तपासनीसही गोळा होणार, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. दिवसभर थेंबथेंब गळणारी नानांची अक्कल आता एकवटून समोर बसली होती, आणि तो माणूस एकतीस वर्षं थापा पकडायची नोकरी करत होता. नाना एकोणतीस मिनिटं रडले, पूर्ण शुद्धीत, सगळं समजून. अकरा एक्केचाळीसला ते थांबले. त्यांनी हिराताईंना पाणी मागितलं नाही, दिलं तर प्यायले.

दुसऱ्या दिवशी तिनं चष्मा उचलला, कपाट मोकळं केलं, दोन उशा मांडल्या. नानांनी अकरा एकोणीसला ओळखलं. तिसऱ्या दिवशी अकरा नऊला. तिसऱ्या दिवशी त्यांनी खोलीकडं पाहिलंही नाही, फक्त तिच्या तोंडाकडं.

चकती काढणं शक्य होतं. नानांच्या मेंदूला अजून सवय लागली नव्हती. पण काढली की पुन्हा चार वाजता ते हॉलमध्ये येऊन उभे राहणार, आणि समोर गौतमी, वहीतलं हिरवं पान शोधत. अकराला निदान दोघं घरी असायचे.

चौथ्या दिवशी नानांनी विचारल्यावर ती म्हणाली, “नाना, आई गेली. बसा. सगळं सांगते.”

आणि तिनं सांगितलं. छातीत पाणी झालं होतं. पाच दिवस दवाखान्यात होती. सकाळी सात दहाला गेली. नाना अपघाताचा पंचनामा लिहून घ्यावा तसे विचारत गेले. जवळ कोण होतं? डॉक्टर किती वाजता आले? ऑक्सिजनचा मास्क कधी लावला? ती एकेक उत्तर देत गेली. खऱ्याला सुचावं लागत नव्हतं, पण ते त्यांना झेपेल अशा क्रमानं ठेवायला तिची सगळी शक्ती लागत होती.

“आणि मी कुठं होतो?” नानांनी विचारलं.

खरं असं होतं. आदल्या संध्याकाळी तिनं नानांना दवाखान्यात नेलं होतं. पलंगाशी उभं राहून त्यांनी आईकडं पाहिलं आणि अनोळखी उतारूशी बोलावं तसं अदबीनं विचारलं, “कुठं जायचंय, बाई?” मास्कच्या आत आईचे ओठ हलले नाहीत. तिनं भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर ती कुणाशीच बोलली नाही.

“तुम्ही आला होतात, नाना. आदल्या दिवशी.”

“काय बोललो मी तिला?”

“तुम्ही विचारलंत, कुठं जायचंय, बाई?”

नानांचा चेहरा पांढरा पडला. “मग? ती काय म्हणाली?”

“म्हणाली, कुठं नाही हो. इथंच बसते, तुमच्यापाशी.”

नानांनी डोळे बारीक केले. “तोंडाला मास्क होता म्हणालीस. मग बोलली कशी?”

“हातानं बाजूला केला. नर्स ओरडली तिच्यावर.”

“आणि?”

“आणि काय? नर्सला म्हणाली, तू तुझं काम कर.”

नाना बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले. त्यांना कळलं की नाही, हे तिला सांगता आलं नसतं. कळून त्यांनी गाडी सोडून दिली असेल, असंही असेल.

“ऐकायचीच नाही ती कुणाचं,” ते शेवटी म्हणाले, आणि खुर्चीत मागं टेकले.

उद्या अकराला ते पुन्हा विधुर होणार होते, आणि हेच उत्तर त्यांना उद्या चालेल याची खात्री नव्हती. घड्याळात अकरा बत्तीस झाले होते. दोघांचीही दिवसातली सर्वांत मोलाची नऊ मिनिटं अजून शिल्लक होती. त्यांनी ती शेजारी शेजारी बसून, एकही शब्द न बोलता, पूर्ण वाया घालवली.